उभी गाडी

मराठीत गाडी बसत नाही की निजत नाही. ती उभी असते. इंजिन बंद करून, दारांना कुलूप लावून, अंगावर कापडी आच्छादन घालून महिना महिना जागची न हललेली मोटारसुद्धा आपल्या भाषेत उभीच असते. ‘तुमची गाडी कुठे उभी आहे?’ असे आपण सहज विचारतो आणि त्या शब्दात दडलेल्या शरीराकडे आपले लक्ष जात नाही. भाषा शिकवणाऱ्या माणसाला अशा जागी थांबण्याची खोड असते. फार वेळ उभ्या राहिलेल्या माणसाचे पाय भरून येतात, गुडघे आखडतात, घोट्यांवर सूज उतरते. उभ्या गाडीचेही जवळजवळ असेच होते. ही गोष्ट मला व्याकरणाने शिकवली नाही. गिरगावातल्या आमच्या वाडीच्या अंगणात उभ्या असलेल्या एका प्रीमियर पद्मिनीने शिकवली.

ही गाडी माझ्या वडिलांनी १९७४ साली घेतली. त्या काळी पैसे हाती असले तरी मोटार लगेच मिळत नसे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. वडील डॉक्टर होते. बिऱ्हाड गिरगावात आणि दवाखाना लालबागला, गिरणी कामगारांच्या वस्तीत. सकाळी गाडी वाडीच्या बोळातून बाहेर पडे, ऑपेरा हाउस, लॅमिंग्टन रोड, भायखळा असा रस्ता धरून लालबागला जाई. दुपारी जेवणाला परत, संध्याकाळी पुन्हा तोच फेरा. २०११ साली वडील गेले आणि गाडीची निगा माझ्याकडे आली. मी महाविद्यालयात लोकलने जाते. गाडी महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा, रविवारी पहाटे निघते, दादरच्या फुलबाजारापर्यंत जाते आणि परत येते. ऐंशी ओलांडलेली माझी आई तेव्हा पुढच्या सलग आसनावर माझ्या शेजारी बसते. मागे बसणे तिला मान्य नाही. मागे रुग्णाचे नातेवाईक बसत, असे तिचे म्हणणे.

गाडी पाहून कौतुक करणारे बहुतेक लोक एकच वाक्य बोलतात: ‘फारशी चालवत नाही ना, म्हणून इतकी टिकली.’ हा समज सार्वत्रिक आहे आणि मुळातूनच उलटा आहे.

मोटार चालते तेव्हा झिजते, हे खरे. परंतु उभी असताना तिचे जे काही होते त्याला झीज म्हणता येत नाही. बॅटरी उतरते, पेट्रोल शिळे होते, ब्रेक चिकटतो, रबर वाळते, पत्रा सडतो. ही क्रियापदे नीट पाहिली तर ती स्वयंपाकघरातून, फडताळातून आणि आजारपणातून आलेली दिसतील. गॅरेजमधल्या अर्धशिक्षित म्हणवल्या जाणाऱ्या माणसांनी यंत्रासाठी ती इतकी अचूक निवडली आहेत की परिभाषा घडवणाऱ्या समित्यांनी त्यांच्याकडे काही महिने उमेदवारी करावी.

बॅटरीचेच घ्या. शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल यांची ही पेटी काहीही काम न करता हळूहळू रिकामी होत जाते, आणि रिकाम्या अवस्थेत फार दिवस राहिली तर पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर धरतो. मग ती पुन्हा भरता येत नाही. म्हणून रविवारी परत आल्यावर मी ऋण टोकाची तार सोडवून ठेवते. टायर एकाच जागी गाडीचे वजन झेलत राहिले तर तेवढ्या भागी चपटे होतात. वाडीतली मुले दर बुधवारी संध्याकाळी गाडी हातभर पुढे ढकलतात आणि पुढच्या बुधवारी हातभर मागे. हे काम त्यांच्या पिढीला वारशाने आले आहे. त्यांच्यापैकी दोघांचे वडीलही हेच करत असत. हँडब्रेक मात्र मी कधीच ओढून ठेवत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत ब्रेकची नाल आतल्या बाजूने ड्रमला धरून बसते आणि मग चाक जागचे हलत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकांच्या पुढेमागे विटा लावायच्या, ही वडिलांची पद्धत. ब्रेकच्या तेलालाही हवेतली ओल शोषून घेण्याची खोड आहे, त्यामुळे चाकाजवळचे सिलिंडर आतून गंजतात. ते तेल दर दोन वर्षांनी बदलावे लागते, मग त्या दोन वर्षांत गाडी हजार किलोमीटर चालली असो की शंभर.

पत्र्याची कथा निराळी. गिरगाव चौपाटी आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि समुद्राची खारी हवा भिंतीतल्या खिळ्याला सोडत नाही, ती दीड मिलिमीटरहून पातळ पत्र्याला कशी सोडेल? लोक गाडीवर प्लास्टिकचे आच्छादन घालतात. त्याखाली गाडीला घाम फुटतो आणि तो सुकत नाही. कापड असावे, सुती असावे, आणि उघडीप मिळाली की ते काढून दारे उघडी ठेवावीत. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. आमच्या अंगणातल्या बदामाच्या झाडाचा पाचोळा त्यांत अडकतो. तो काडीने काढणे हे माझे शनिवारचे काम आहे. एखाद्या मोठ्या दुरुस्तीपेक्षा या काडीने गाडीचे आयुष्य अधिक वाढवले असावे, असे मला वाटते. उंदरांविषयी मी लिहीत नाही. डांबराच्या गोळ्या, सापळे आणि वाडीतली मांजरे यांचे त्यांच्याशी चाललेले युद्ध अनिर्णित आहे.

पेट्रोलचा प्रश्न अलीकडे बिकट झाला आहे. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. गेल्या वर्षी संपर्क सत्रात, पेट्रोल पंपावर नोकरी करून पदवीचा अभ्यास करणारा एक विद्यार्थी होता. अर्थविस्ताराचे उदाहरण म्हणून मी ‘शिळे पेट्रोल’ हा शब्दप्रयोग फळ्यावर लिहिला, तेव्हा त्याने उठून इथेनॉल हवेतले पाणी कसे ओढून घेते आणि टाकी फार दिवस हलली नाही की ते पाण्यासह तळाशी कसे उतरते, हे वर्गाला समजावून सांगितले. तो तास त्याचाच झाला. जुन्या गाड्यांतले रबरी पडदे आणि नळ्या इथेनॉलसाठी बनवलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, चिरतात. टाकी भरलेली ठेवावी तर पेट्रोल शिळे होते, रिकामी ठेवावी तर आतून गंजते. यावर उपाय एकच: थोडे भरावे आणि संपवावे. म्हणजे चालवावे.

येथे आणखी एका गैरसमजाची गाठ सोडवली पाहिजे. ‘आम्ही दर आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालू करून ठेवतो,’ असे जुन्या गाड्यांचे मालक अभिमानाने सांगतात. पेट्रोल जळते तेव्हा त्यातून वाफही निघते. इंजिन आणि सायलेन्सर थंड असतील तर ती वाफ तिथेच पाणी होऊन साचते. चोक ओढलेला असल्याने जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून तेलात मिसळते. सेल्फने बॅटरीतून जेवढे घेतले तेवढे परत करण्याइतका डायनॅमो उभ्या गाडीत फिरत नाही. पाच मिनिटांनी इंजिन बंद केले की हे पाणी, हे पेट्रोल आणि ही उधारी आतच राहते. तेल पुरते तापून त्यातला ओलावा उडून जायला अर्धा तास तरी रस्त्यावर धावणे लागते. गिरगाव ते दादर आणि परत हा पंधरा-सोळा किलोमीटरचा फेरा आम्ही त्यासाठी ठरवला आहे. तेवढ्यात गिअर बदलतात, ब्रेक लागतो, चाकांचे ग्रीस सरकते, आणि पुढच्या दारांच्या त्रिकोणी काचांतून आईला वारा लागतो.

मराठीने हा भेद आधीच करून ठेवलेला आहे. ‘चालू’ हे विशेषण, ‘चालणे’ हे क्रियापद, आणि ‘चालवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. उभी गाडी चालू असू शकते. ती चालत मात्र नसते. आणि ती चालावी यासाठी चालवणारा दुसरा कोणीतरी लागतो. प्रयोजक क्रियापदे शिकवताना मी पूर्वी ‘आई बाळाला चालवते’ हे ठरावीक उदाहरण देत असे. हल्ली देत नाही.

वडिलांची एक जाड, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही माझ्यापाशी आहे. त्यांनी गाडीची नोंद रुग्णाच्या केसपेपरसारखी ठेवली होती: तारीख, किलोमीटर, तक्रार, उपाय. ‘पॉइंट घासले. प्लग साफ.’ ‘चढावर धाप लागते, कारबोरेटर उघडला.’ ‘पाणी पिते, रेडिएटर झाळला.’ डॉक्टर मंडळी माणसांविषयी यंत्राच्या भाषेत बोलतात अशी तक्रार असते. या वहीत उलट घडलेले आहे. अभ्यासक म्हणून मला आणखी एक गंमत दिसते. आरंभीच्या पानांवर ‘भोंगा’ आणि ‘दिवा’ हे शब्द आहेत. तीन-चार वर्षांतच ‘दिवा’ तसाच राहतो, पण ‘भोंगा’ जाऊन ‘हॉर्न’ येतो. लालबागमध्ये भोंगा म्हणजे गिरणीचा. पाळी त्याच्यावर सुरू होई, दवाखान्यातली गर्दी त्याच्यावर कमी-जास्त होई. जिथे एवढा मोठा भोंगा वाजत होता तिथे मोटारीच्या पिपाणीला तोच शब्द वापरणे त्यांना अडचणीचे झाले असावे, असा माझा तर्क आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. वहीत संपाचा उल्लेख एकदाही नाही. किलोमीटरचे आकडे तेवढे हळूहळू जवळ जवळ येत जातात. उन्हाळ्यापर्यंत कामगारांची कुटुंबे कोकणात, साताऱ्याकडे, घाटावर निघून गेली होती. दवाखाना सकाळचाच राहिला, मग आठवड्यातून काही दिवसच. त्या वर्षीच्या पानांवर एक नोंद पुन्हा पुन्हा येते: ‘गाडी उभी.’ ऑगस्टमधली एक नोंद अशी: ‘१४ दिवस उभी. सेल्फ लागेना. वाडीतल्या मुलांनी धक्का दिला.’ मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि धक्का देणाऱ्यांत होते. आम्हाला ती मौज वाटली होती. गाडी आपल्या आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिली ती तेव्हा, आणि तिच्या उभे राहण्यामागे एका संपूर्ण वस्तीचे उभे राहणे होते, हे वही वाचल्यावर ध्यानात आले.

तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या. ‘बंद पडणे’ आणि ‘बंद पाडणे’ यांत एका कान्याचा फरक आहे. पहिल्यात कर्ता नाही. पाऊस पडतो, अंधार पडतो, तसे ते आपोआप घडते. दुसऱ्यात कोणीतरी करणारा आहे. मोटार बंद पडते, ती कोणी पाडत नाही. गिरणीचे तसे आहे का, हे लालबाग-परळच्या जुन्या माणसाला विचारून पाहा आणि तो काना देतो की नाही ते कान देऊन ऐका.

आमच्या गाडीचे मिस्त्री काना देतात. त्यांचे वडील साचेखात्यात होते, वडिलांचे रुग्ण. गिरणी गेली तेव्हा मिस्त्री तेरा वर्षांचे होते. शाळा सोडून परळच्या एका गल्लीतल्या गॅरेजमध्ये पोऱ्या म्हणून लागले. आज ते त्याच गल्लीत स्वतःचे दोन गाळ्यांचे गॅरेज चालवतात. लेथवर त्यांचा हात असा बसला आहे की या गाडीच्या किंगपिनची बुशे बाजारात मिळेनाशी झाली तेव्हा त्यांनी ती स्वतः कातून बसवली. मला ते ‘ताई’ म्हणतात, वडिलांचा उल्लेख अजून ‘डॉक्टर’ असा करतात, आणि मजुरी पुरी घेतात. यातले तिसरे मला सर्वांत आवडते. जुन्या नात्यापोटी फुकट केलेले काम एकदाच होते. रीतसर मजुरीचे काम दरवर्षी होत राहते.

गाडीच्या नावाविषयी थोडे सांगायला हवे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट कंपनीची अकराशे क्रमांकाची गाडी तयार होऊ लागली. तिच्या पन्नाशीच्या दशकातल्या गोलसर नाकाच्या अवताराला मुंबईकरांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले. पुढे १९६४ मध्ये चौकोनी बांध्याची ‘डिलाइट’ आली आणि १९७४ पासून तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. पद्मिनी म्हणजे कमळांचे तळे, किंवा जुन्या शास्त्रकारांनी केलेल्या स्त्रियांच्या चार प्रकारांतील पहिली. इतके भारदस्त नाव दिले तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. आमच्या घरी ‘पद्मिनी’ हा शब्द मी फारसा ऐकलाच नाही; तो वर्तमानपत्रांतून परत आला, गाड्या नाहीशा होऊ लागल्यावर.

फियाट या नावातील शेवटचे अक्षर तुरीन शहराचे आहे. त्याच तुरीनच्या विद्यापीठात मातेओ बार्तोली नावाचे भाषावैज्ञानिक शिकवत असत. भाषेचे जुने रूप तिच्या मध्यवर्ती प्रदेशात मोडते आणि कडेच्या, दूरच्या प्रदेशांत टिकून राहते, असा नियम त्यांनी मांडला होता. हा नियम अपवादांनी भरलेला आहे, तरी त्यांच्याच गावच्या मोटारीला तो चपखल लागू पडला. इटलीत अकराशे फियाटचे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. कुर्ल्यात ती गाडी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. तिच्या अवयवांच्या नावांचीही तीच गत. वेल्समधल्या एका गावी स्टेपनी नावाच्या रस्त्यावर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मोटारीचे जादा चाक बनवणारा कारखाना होता. विलायतेत तो शब्द कधीच विरला, आपल्याकडे प्रत्येक ट्रकचालकाच्या तोंडी तो आहे. जुन्या मोटारींच्या मागे उघड्यावर घडीची बैठक असे, तिचे नाव डिकी. बैठक गेली, तिथे सामान आले, आणि शब्द आपल्याकडे तसाच राहिला.

ही गाडी टिकली कशी, याचे खरे उत्तर मात्र माझ्या विटांत आणि काडीत नाही. ते मुंबईच्या टॅक्सीवाल्यांत आहे. अनेक दशके या शहराच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणजे याच गाड्या. रोज दोन पाळ्यांत त्या धावत, मोडत आणि दुरुस्त होत. त्यांच्यासाठी ऑपेरा हाउसच्या दुकानांत, चोर बाजारात, कुर्ल्याच्या भंगार बाजारात प्रत्येक सुटा भाग मिळे. नवा, जुना, नकली, जसा खिसा तसा. त्यांच्यामुळे परळच्या गल्लीतल्या पोऱ्याला कारबोरेटर उघडायला शिकावे लागे. आमच्यासारख्या महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाड्या त्या धावणाऱ्या गाड्यांच्या जिवावर जगत होत्या. पद्मिनी जातीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली. टॅक्सीला वयाची वीस वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती जातच रस्त्यावरून उठली. त्या आठवड्यात लोकांनी छायाचित्रे काढली, आठवणी लिहिल्या. मिस्त्रींनी काय केले? त्यांनी मोडीत निघालेल्या दोन टॅक्सींचे पेट्रोलचे पंप, एक डायनॅमो आणि स्टेअरिंगला जोडलेला गिअरचा दांडा विकत घेऊन ठेवला. ‘आता ताई, जे आहे ते आहे,’ ते म्हणाले. ‘नवा पोऱ्या ही गाडी शिकणार नाय. कशाला शिकेल?’

बोलींच्या अभ्यासात मी हेच पाहिले आहे. साचेखाते, बदली, जॉबर, तिसरी पाळी हे शब्द कोशांत आहेत, कादंबऱ्यांत आहेत. परंतु ते बोलण्याचे कारण उरले नाही, म्हणून त्यांचे उच्चार आणि त्यांतल्या शिव्या-कोट्या कोणी शिकत नाही. शब्दाचा नुसता सांगाडा टिपून ठेवता येतो. त्याचा सुटा भाग बनवणारा कारागीर टिपून ठेवता येत नाही.

२०२४ साली आमच्या गाडीला पन्नास वर्षे झाली आणि एक निर्णय घेणे भाग पडले. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. ती मुदत त्याच वर्षी संपत होती. दुसरीकडे, जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीची ‘विंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकाच्या पाटीवर ‘व्हीए’ ही मानाची अक्षरे. अट अशी की ती गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांसाठी तेवढी काढायची. साध्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले होते, वर पर्यावरण कर. पण त्या पाटीवर कोणी मान देत नाही.

नियम वाईट आहे असे मी म्हणणार नाही. राजेरजवाड्यांच्या आणि संग्राहकांच्या गाड्यांसाठी तो सोयीचाच आहे. मित्रांचाही आग्रह होता: दहा वर्षांची निश्चिंती, भंगारात काढण्याची चर्चा नको. योगायोग असा की त्याच वर्षी, ३ ऑक्टोबर रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. महाविद्यालयात पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. संशोधनाला निधी मिळणार असेल तर आनंदच आहे. गॅरेजमध्ये ही बातमी मी सांगितली तेव्हा मिस्त्रींनी चाकाखालून डोके बाहेर काढून विचारले, ‘म्हणजे आता भाषेला पण व्हीए नंबर?’ मी हसले आणि भाषेच्या बाबतीत वापरावर बंदी नाही, असे समजावून सांगितले. ‘मग बरंय,’ म्हणून ते पुन्हा आत गेले.

आईला मी दोन्ही पर्याय वाचून दाखवले. तिने एकच शंका काढली: ‘फुलांना जायचं ते कशात बसेल? प्रदर्शनात की दुरुस्तीत?’ नियमांत फुलांना जागा नव्हती. आम्ही साधी नोंदणी केली. गाडी ताडदेवला नेली, ब्रेक, दिवे, हॉर्न तपासून झाले, आणि २०२९ पर्यंतची मुदत मिळाली. इंजिन वृद्ध झाले की काय करायचे, इथेनॉलचे प्रमाण आणखी वाढले तर काय, तिसरा पंप कुठून आणायचा, हे प्रश्न तसेच आहेत. जुन्या गाड्या धूर ओकतात आणि शहराच्या हवेवर त्यांचा हक्क नाही, हा युक्तिवाद मला पटतो. म्हणून दर सहा महिन्यांनी कारबोरेटर लावून घेते आणि गर्दीच्या वेळी गाडी काढत नाही. याहून चांगले उत्तर माझ्यापाशी नाही.

तोवर वाडीचाच प्रश्न उभा राहिला. इमारतींचा पुनर्विकास ठरला आहे. नव्या मनोऱ्यात आम्हाला एका मोटारीची जागा मिळेल, पण ती गाड्या एकावर एक उचलून ठेवणाऱ्या यांत्रिक चौकटीत. आमच्या गाडीतून तेलाचे दोन-चार थेंब रोज गळतात. ते खालच्या कोणाच्या गाडीवर पडणार, याची चर्चा सभासदांच्या बैठकीत आताच सुरू झाली आहे. बुधवारी गाडी हातभर पुढे ढकलणे त्या चौकटीत शक्य नाही, हे मी तिथे बोलले नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर घरे रिकामी करायची आहेत. बांधकाम होईपर्यंत आम्ही परळला भाड्याने राहणार आहोत आणि मिस्त्रींनी गॅरेजशेजारची जागा गाडीसाठी देऊ केली आहे. भाडे ठरले. त्यांची अट एवढीच की रविवारी पहाटे मी स्वतः यायचे. गाडी ते काढणार नाहीत. परळहून दादर फार जवळ पडते, तेवढ्याने तेल तापायचे नाही. तेव्हा आधी उलट्या दिशेने गिरगाव चौपाटीपर्यंत जायचे आणि मग वळून फुलांना दादरला, असे आईने ठरवून टाकले आहे.